सिमल्यात उतरायचे कुठे

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया मिरजेत 2024 च्या मार्चमध्ये झाली. पुढच्या वर्षभरात त्या काठीशिवाय चालू लागल्या, सकाळी गणपती मंदिरापर्यंत जाऊन येऊ लागल्या, आणि 2025 च्या आषाढात एका रात्री जेवताना त्यांनी सांगितले, की हिमालय डोळ्यांनी पाहायचा तेवढा राहिला आहे. दिवाळीनंतर सिमल्याला जायचे, हे त्याच पानावर ठरले. मुलीची सुट्टी, आमच्या दोघांच्या रजा आणि रेल्वेची तिकिटे या सगळ्यांपेक्षा मला दमवले ते एका प्रश्नाने, की तिथे उतरायचे कुठे. हा शोध जवळजवळ तीन आठवडे चालला आणि त्यात एकदा पैसेही गेले. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला घेऊन डोंगरावरच्या शहरात जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून सगळे घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

आम्ही सांगलीचे लोक पत्ता उंचीवरून ओळखतो. कृष्णेला पाणी चढू लागले, की आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते, आणि 2019 च्या महापुरानंतर तर घर पाहायला गेलेला माणूस भाडे विचारण्याआधी ‘इथे पाणी किती फुटांना येते’ असे विचारतो. असे असूनही सिमल्यातील खोली शोधताना मी उंचीचा विचार केला नाही. नकाशावरचे अंतर तेवढे पाहिले. माझी पहिली आणि सर्वांत महाग पडलेली चूक तीच होती.

रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी सुरू होत असे. नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली आहे. त्यामुळे रविवार, 26 ऑक्टोबरच्या गोवा एक्सप्रेसचे आरक्षण 27 ऑगस्टला सकाळी 8 वाजता उघडणार होते, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. पाटावर मूर्ती मांडून गुरुजींची वाट पाहत असताना ह्यांनी मिरज ते हजरत निजामुद्दीन अशी चार तिकिटे काढली. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत 2020 पासून बंद आहे, पण वय नीट भरले तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. सासूबाईंना तो मिळाला. दिल्ली ते कालका आणि कालका ते सिमला ही तिकिटे पुढच्या तीन दिवसांत झाली.

गौरी आणण्याच्या आदल्या रात्री, 30 ऑगस्टला, मी मोबाईलवरच्या एका संकेतस्थळावरून सिमल्यातील एका हॉटेलात चार रात्रींसाठी दोन खोल्या घेतल्या. एका खोलीला रात्रीचे 2,300 रुपये, म्हणजे एकूण 18,400 रुपये मी तिथल्या तिथे भरले. ‘माल रोडपासून 200 मीटर’ असे लिहिलेले होते, छायाचित्रांत खिडकीबाहेर देवदार दिसत होते, आणि त्या रात्री काम संपल्याच्या समाधानात मी झोपले. गौरी-गणपतीच्या गडबडीतून मोकळी झाल्यावर 3 सप्टेंबरला मी हॉटेलात फोन केला, तो केवळ गरम पाण्याची चौकशी करण्यासाठी. बोलता बोलता गाडी दारापर्यंत येते का, असे विचारले, तेव्हा पलीकडच्या माणसाने सांगितले, ‘गाडी कार्ट रोड तक आएगी जी, वहाँ से बस थोडासा चढना है.’ पायऱ्या किती, या प्रश्नावर तो क्षणभर थांबला. ‘गिने तो नहीं, सौ-सवासौ होंगी.’

सिमला हे शहर एका डोंगरधारेवर मजल्यांसारखे रचलेले आहे, हे मला त्यानंतर कळू लागले. खाली वाहनांचा कार्ट रोड, त्याच्या वर लोअर बाजार, त्याच्या वर मिडल बाजार, मग माल रोड आणि सर्वांत वर रिज नावाचे मोकळे मैदान. या सर्वांना जोडतात त्या उभ्या पायऱ्या. माल आणि रिजवर सामान्य वाहनांना बंदी आहे. पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी हिमाचल सरकारने 2007 मध्ये केलेल्या कायद्यानुसार शहरातील काही रस्ते पूर्ण बंद आणि काही परवानाधारक वाहनांपुरते खुले आहेत. पर्यटकाच्या टॅक्सीला असा परवाना बहुधा नसतो, त्यामुळे ‘मालजवळ’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘गाडीपासून लांब’ असा होतो. नकाशावरचे 200 मीटर हे आडवे अंतर आहे. उभ्या अंतराविषयी नकाशा काही सांगत नाही.

आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याला 22 पायऱ्या आहेत. त्या रात्री मी सासूबाईंना सगळे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, ‘आपल्यासारखे दोन जिने मला जमतील, मध्ये टेकायला मिळाले तर. तिसरा नको. आणि चढायचे मला काही वाटत नाही गं, उतरायचीच भीती वाटते.’ व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, की उतरताना गुडघ्यावर भार अधिक येतो आणि कठडा नसेल तर थोड्या पायऱ्याही टाळाव्यात. इतके दिवस मी दर, छायाचित्रे आणि तारे पाहत होते. आता 44 ही संख्या आमचे मोजमाप झाली.

दुसऱ्या दिवशी, 4 सप्टेंबरला, मी आरक्षण रद्द केले. बारीक अक्षरांतली अट तेव्हा वाचली : रद्द केल्यास एका रात्रीची रक्कम कापली जाईल. दोन खोल्यांचे 4,600 रुपये गेले आणि उरलेले 13,800 रुपये तीन ईमेल व दोन फोन केल्यानंतर 19 सप्टेंबरला खात्यात जमा झाले. अटीचे पान आणि रद्द केल्याची पोच यांची छायाचित्रे मी काढून ठेवली होती, त्यामुळे वाद झाला नाही. आधी फोन आणि मग पैसे, एवढा क्रम मी पाळला असता तर ही रक्कम वाचली असती.

पुढचे दोन आठवडे मी रोज दुपारी, हॉटेलवाल्यांना थोडी उसंत असते त्या वेळेत, फोन केले. एकंदर 11 ठिकाणी बोलले आणि प्रत्येक ठिकाणाला वहीचे एक पान दिले. पहिल्या दोन-तीन फोनांनंतर लक्षात आले, की ‘वयस्कर माणूस चालू शकेल का’ असे विचारले तर उत्तर नेहमी होकारार्थी येते. म्हणून मी प्रश्न बदलला. टॅक्सी जिथे थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, त्यांपैकी खाली उतरणाऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूला आहे आणि न्याहारीची जागा खोलीच्या पातळीवर आहे की वेगळ्या, असे मी विचारू लागले. दोघा जणांनी खरोखर पायऱ्या मोजून नंतर फोन केला. एकाने उताराचा व्हिडिओ पाठवला. त्यात चालणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता आणि त्यावरूनच मी ते ठिकाण सोडले.

मजल्यांचा घोटाळा मात्र फोनवर लवकर उमगत नाही. आपण तळमजला मागतो, कारण आपल्याकडे रस्ता आणि तळमजला एकाच पातळीवर असतात. सिमल्यात उतारावरची कित्येक घरे रस्त्याच्या पातळीपासून खाली बांधत नेलेली आहेत. प्रवेशदार सर्वांत वरच्या मजल्यावर असते आणि खोल्या त्याच्या खाली उतरत जातात. एका ठिकाणी मी आग्रहाने तळमजला मागितला आणि व्यवस्थापकाने आनंदाने होकार दिला, तेव्हा तो रस्त्यापासून चार जिने खालची खोली देत होता. त्या दिवसापासून मी ‘तळमजला’ हा शब्द सोडला आणि ‘रस्त्याच्या पातळीची खोली’ असे म्हणू लागले.

भागांविषयी जे समजले ते असे. कार्ट रोडवर, माल रोडकडे नेणाऱ्या सरकारी लिफ्टच्या आसपास राहिले तर गाडी दारात येते आणि पायऱ्यांशिवाय मालवर जाता येते. ही लिफ्ट दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यानंतर एका मार्गिकेतून चालत दुसऱ्या लिफ्टकडे जायचे असते आणि गर्दीच्या दिवसांत रांग लागते. दिवसभर बसगाड्यांचे भोंगे ऐकत राहावे लागेल, हा तिथला दोष, पण पाय दुखणाऱ्या माणसासाठी मी त्या जागेला दुसरा क्रमांक दिला होता. संजौलीकडे दर कमी होते; तिथे उतार फार दाट बांधलेला आहे आणि मी बोलले त्या दोन्ही ठिकाणी पायऱ्या 60 च्या पुढे होत्या. मशोबरा आणि कुफ्री ही ठिकाणे शांत असली तरी शहरापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर आहेत, म्हणजे प्रत्येक फेरीला टॅक्सी आणि वाटेतल्या कोंडीत गाडीत बसून राहणे आले. छोटा सिमला मला आवडला होता, पण तिथली रस्त्यालगतची खोली आमच्या तारखांना मोकळी नव्हती. शेवटी चौडा मैदान हा भाग उरला. विधानसभेची इमारत आणि पूर्वीचे व्हाइसरॉयचे निवासस्थान, जिथे आता उच्च अध्ययन संस्था आहे, ही त्याच बाजूला आहेत. साधी टॅक्सी तिथपर्यंत जाते, आणि तिथून माल रोडकडे जाणारा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता, डोंगरी शहराच्या मानाने, बराच सपाट आहे.

चौडा मैदानातील एका जुन्या बंगल्याच्या अतिथिगृहात रस्त्याच्या पातळीवर दोन लगतच्या खोल्या होत्या. दर प्रत्येकी 2,600 रुपये, म्हणजे आधीच्या हॉटेलपेक्षा जास्त. त्याहून अवघड प्रश्न वेगळाच होता. बर्फाची शिखरे सिमल्याच्या उत्तरेला दिसतात, म्हणून ‘हिमशिखरे दिसणारी खोली’ म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेली, ऊन न येणारी खोली. आणि दक्षिणेकडच्या खोलीत सकाळपासून ऊन असते, पण तिथून बर्फ दिसत नाही. इतक्या दूर हिमालयासाठी जायचे आणि खोली त्याच्याकडे पाठ फिरवलेली घ्यायची, हे मला पटेना. सासूबाईंनी दोन वाक्यांत निकाल दिला. ‘बर्फ बघायला बाहेर जाता येते. ऊन काही बाहेरून खोलीत आणता येत नाही.’ ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे रात्री चांगली थंडी असते आणि थंडीत त्यांचे गुडघे आखडतात, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होते.

पाण्याची चौकशीही मी केली, कारण 2018 च्या उन्हाळ्यात सिमल्यात पाण्याची मोठी टंचाई झाली होती आणि शहराला पाणी खालच्या दऱ्यांतून पंपाने वर चढवून आणावे लागते. टाकी किती मोठी आहे आणि गिझर प्रत्येक खोलीत स्वतंत्र आहे का, हे दोन प्रश्न पुरतात. शिवाय त्या पावसाळ्यात हिमाचलात दरडी कोसळत होत्या, म्हणून बंगल्याकडे येणारा रस्ता चालू आहे का, हेही विचारून घेतले.

याच काळात एक धोक्याचा प्रसंग आला. एका ठिकाणची छायाचित्रे सुंदर होती, दर निम्मा होता, आणि फोनवरचा माणूस ‘शेवटचीच खोली आहे, अर्ध्या तासात पूर्ण रक्कम पाठवा’ असे म्हणत होता. पैसे घेण्यासाठी त्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर हॉटेलचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. मी नोंदणी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक मागितला, तेव्हा फोन बंद झाला. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायची असते, हे ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले.

आमचा निर्णय 18 सप्टेंबरला झाला, पण तेव्हा पितृपक्ष चालू होता आणि प्रवासाचा विसार त्या दिवसांत देऊ नये, अशी सासूबाईंची इच्छा होती. मी अतिथिगृहाच्या व्यवस्थापकांना कारण खरे सांगितले. त्यांनी घटस्थापनेपर्यंत, म्हणजे 22 सप्टेंबरपर्यंत, खोल्या राखून ठेवल्या. योगायोग असा, की 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी त्याच दिवसापासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. पतसंस्थेत हिशेब पाहणाऱ्या ह्यांनी ते लगेच लक्षात आणून दिले. चार रात्रींचे 20,800 रुपये आणि कर 1,040, असे एकूण 21,840 रुपये ठरले. जुन्या दराने 23,296 झाले असते. विसार म्हणून 6,000 रुपये पाठवले आणि व्हॉट्सॲपवर एक संदेश लिहून त्याला ‘मंजूर’ असे उत्तर मागून घेतले : दोन्ही खोल्या रस्त्याच्या पातळीवर, दक्षिणेकडे, पायरी एकही नाही, सात दिवस आधी रद्द केल्यास विसार परत.

प्रवास लांबचा असला तरी सुरळीत झाला. 26 ऑक्टोबरच्या रात्री मिरज सोडले, 28 ला सकाळी दिल्ली, त्या रात्रीची गाडी घेऊन 29 ला पहाटे कालका. तिथून सिमल्यापर्यंतचा 96 किलोमीटरचा छोट्या गाडीचा मार्ग 1903 मध्ये सुरू झाला आणि 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. डबे अरुंद असल्यामुळे पाय पसरता येत नाहीत. बडोगला गाडी थांबते, तेव्हा सासूबाईंना मी फलाटावर दोन फेऱ्या मारायला लावल्या. हे न चुकता करावे.

सिमला स्थानकापासून चौडा मैदानापर्यंत टॅक्सीने 400 रुपये घेतले. अतिथिगृहात पोहोचल्यावर सर्वांची ओळखपत्रे मागितली गेली. आम्ही आधार क्रमांकाचे पहिले आकडे झाकलेल्या प्रती घरूनच छापून नेल्या होत्या, त्या चालल्या. नोंदवहीत पत्ता, कुठून आलो आणि कुठे जाणार, हे सर्व भरून झाल्यावर नोकराने सामान उचलले आणि तो सरळ खाली जाणाऱ्या जिन्याकडे वळला. रस्त्याच्या पातळीवरच्या एका खोलीत आदल्या रात्रीचे पाहुणे अजून होते, म्हणून आम्हाला खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या होत्या. जिना दगडी, वळणाचा, कठडा एकाच बाजूला. मी तिथेच उभी राहून पायऱ्या मोजल्या : 19. सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे, मी उतरेन हळूहळू.’ प्रवासाने त्यांचा चेहरा उतरला होता आणि भांडण होऊ नये म्हणून त्या तसे म्हणत होत्या, हे मला दिसत होते. मी आवाज न चढवता 22 सप्टेंबरचा संदेश उघडून समोर धरला. व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला आणि चूक मान्य केली. दोन तास दिवाणखान्यात थांबावे लागले, त्या वेळचा चहा त्यांनीच दिला, आणि दुपारी दीड वाजता ठरलेल्या दोन्ही खोल्या मिळाल्या. तो संदेश नसता तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास खिडकीतून ऊन आत आले, आधी लाकडी जमिनीवर, मग सतरंजीवर, मग खुर्चीच्या पायांशी. सासूबाईंनी खुर्ची तेवढी पुढे ओढली, लुगडे गुडघ्यांपर्यंत सारले आणि घरून आणलेले तिळाचे तेल चोळत त्या अर्धा तास उन्हात बसल्या. खिडकी मात्र बंदच ठेवावी लागली, कारण कठड्यावर माकडे येत होती. नको म्हणत म्हणत जास्त दर दिलेली ती खोली मला त्या सकाळी पुरेपूर परत मिळाली.

रिजवर आम्ही 31 ऑक्टोबरला गेलो. जाताना पायी, थांबत थांबत, दीड तास लागला; परतताना लिफ्टने कार्ट रोडवर उतरून टॅक्सीने 300 रुपयांत आलो, आणि पुढे रोज हाच क्रम ठेवला, कारण त्यात उतारावरची पायपीट वाचते. आकाश स्वच्छ होते. उत्तरेकडच्या कठड्यापाशी बाक मिळाला आणि समोर, निळ्या डोंगरांच्या चार ओळींमागे, पांढरी रांग दिसली. सासूबाई जवळजवळ तासभर काही बोलल्या नाहीत. नंतर मी त्यांना सांगितले, की या धारेच्या एका बाजूला पडलेला पाऊस सतलजला मिळतो आणि दुसऱ्या बाजूचा यमुनेकडे जातो. त्यांनी वळून दोन्ही बाजूंना पाहिले. जाखू टेकडीवरची 108 फुटी मारुतीची मूर्ती तिथूनच दिसते. त्यांनी बाकावरूनच हात जोडले. रोपवेच्या स्थानकापर्यंतचा चढ नको, असे त्यांनी स्वतःच ठरवले.

2 नोव्हेंबरला सकाळी हिशेब केला. 5 टक्के करासह 21,840 रुपयांचे बिल, त्यातून विसार वजा. व्यवस्थापकांनी पावती देताना विचारले, की खालच्या जिन्याच्या पायऱ्या मी त्या दिवशी मोजत होते, त्या किती भरल्या. पुढे कोणी फोनवर विचारले तर सांगता येईल. मी 19 सांगितले आणि त्यांनी फोनशेजारच्या कागदावर तो आकडा लिहिला. सासूबाई पिशवीची नाडी बांधत होत्या. मान वर करून त्या म्हणाल्या, ‘एकवीस आहेत. शेवटच्या दोन वळणाच्या अंधारात आहेत, वरून दिसत नाहीत. तिथे एक दिवा लावायला सांग त्यांना.’